पाचवा आकडा

निळा पडदा मुका असतो, हे मी आमच्या ताईला इतक्यांदा ऐकवलंय की तिला ते माझ्याच आवाजात पाठ झालंय. मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, सुरू झालं, त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम उठली, की पुढे माझं राज्य. सिस्टिमचा आवाज मला सगळं वाचून दाखवतो, आणि कीबोर्डच्या पुढ्यात माझी ब्रेल पट्टी असते. पडद्यावर जी ओळ असेल तिची टिंबं त्या पट्टीवर बोटांखाली वर येतात. पण त्याच्या आधी, मशीनला वीज मिळाल्या मिळाल्या जो छोटा प्रोग्राम जागा होतो ना, फर्मवेअर म्हणतात तो, त्याचा स्वतःचा एक वेगळा निळा पडदा आहे. तिथे आवाज नाही, टिंबं नाहीत, काही नाही. ज्याने कुणी तो बनवला त्याच्या घरात माझ्यासारखं कुणी नव्हतं, एवढं मी खात्रीने सांगते.

मला जन्मापासून दिसत नाही. त्याचं मला काही वाटत नाही, माझं सगळं तसंच घडलेलं आहे. राग येतो तो त्या पडद्याचा. घरात मला मिरची म्हणतात ते काही उगाच नाही.

आमचं दुकान घराच्या खालीच. पुढच्या खोलीत फोन आणि ताई. मागच्या खोलीत भिंतभर लांब टेबल, त्यावर पोट उघडलेली मशीनं, आणि भाऊजी आणि मी. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. स्क्रू आणि तारा आम्हा दोघांच्या, सिस्टिम टाकणं माझं, आणि निळा पडदा आला की मी हाक मारायची. मग ते खुर्ची ओढणार, "हं, आलं, केलं, झालं," एवढं म्हणणार आणि उठणार. काय आलं आणि काय केलं, ते गुलदस्त्यात. "मुद्द्याचं तेवढं सांगतो गं," म्हणतात. मुद्दा कुठला, हे ठरवणारही तेच.

तर झालं असं. लायब्ररीच्या वाचनखोलीतली सगळी मशीनं दुरुस्तीला आमच्याकडे आली होती. आता परत द्यायची वेळ आली, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी नवीन अट घातली. प्रत्येक मशीनचं सिक्युअर बूट चालू आहे याची खात्री करून द्या, नाहीतर मशीन घेणार नाही. सिक्युअर बूट म्हणजे फर्मवेअरने दारावर बसवलेला राखणदार. ओळखीच्या माणसाची सही असलेला प्रोग्राम आला तर आत सोडायचं, नाहीतर बाहेरच्या बाहेर परत पाठवायचं. अट रास्त होती. वाचनखोलीत कुणीही येतं, कुणीही कसलाही पेनड्राइव्ह खोचतं.

पण तो राखणदार जागा आहे की नाही, हे बघायचं कुठे, तर निळ्या पडद्यावर.

त्या सकाळी ताई चहाचा कप घेऊन मागे आली आणि माझ्या शेजारी बसली. ताई कामाच्या वेळात बसते म्हणजे काहीतरी शिजलेलं असतं.

"मिरची, मी विचार केलाय," ती म्हणाली. ताईने विचार केला की समजायचं, गोष्ट आपल्या हातातून गेली. "हे असलं काम आता वाढतच जाणार. दवाखान्याचीही मशीनं आलीत, तेही हेच मागतायत. सगळं त्या निळ्या पडद्यावरचं. तुला दर वेळी यांना हाका माराव्या लागतात, मग तुमची भांडणं होतात. त्यापेक्षा तू पुढे फोनवर बस. मी इथे मागे येते."

"फोनवर बसून मी काय करू?"

"बोलायचं लोकांशी. तुझा आवाज गोड आहे."

माझा आवाज गोड आहे असं या घरात आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भाऊजींना ठसका लागला.

ताईशी भांडता येत नाही, ही खरी पंचाईत. ती वाईट वागली असती तर मी तिची सालटी काढली असती. पण ती माझं ओझं उतरवायला आली होती, आणि मला ते ओझंच हवं होतं. त्या टेबलापाशी मला कुणी "सांभाळून" म्हणत नाही. कुठला स्क्रू कुठल्या वाटीत आहे ते भाऊजी मला विचारतात. पंखा अडकत असेल तर तो मी त्यांच्या आधी ऐकते. रस्त्यावर, बाजारात, पाहुण्यांत मी बिचारी असते, आणि या टेबलापाशी मी कारागीर असते. फोनवर गेले असते तर दिवसभर गोड बोलणारी बिचारी झाले असते.

"मशीनं उद्या संध्याकाळी जायची आहेत ना?" मी म्हटलं. "तोवर थांब. निळा पडदा न बघता मी सगळी तपासून दाखवते. जमलं तर टेबल माझं. नाही जमलं तर बसते पुढे, तू म्हणशील तेवढ्या गोड आवाजात."

ताई "बरं," म्हणाली आणि कप माझ्या हातात देऊन गेली. चहा चांगला झाला होता, त्याचाही मला राग आला.

आता बोलून तर बसले होते, पण करायचं कसं? माझा हिशेब साधा होता. सिस्टिमला फर्मवेअरशी बोलावं लागतंच, तिला उठवतं कोण, तर तेच. मग त्या बोलण्याचं काहीतरी तिच्याकडे असणार. मी कानाला हेडफोन लावला आणि सिस्टिमचं माहितीपुस्तक वाचायला घेतलं, आवाजाचा वेग भाऊजींना नुसती भुणभुण ऐकू येईल इतका वाढवून. आणि सापडलं. सिस्टिमच्या आत एक फोल्डर आहे. फर्मवेअरने जे जे लक्षात ठेवलंय ते एकेका फाइलच्या रूपात तिथे मांडलेलं असतं. त्या फाइली डिस्कवर नसतातच मुळी. तुम्ही एखादी उघडलीत की सिस्टिम तिथल्या तिथे फर्मवेअरला विचारते आणि आलेलं उत्तर तुमच्या पुढ्यात ठेवते. इतकी वर्षं मी भाऊजींना हाका मारत होते, आणि हे सगळं माझ्याच राज्यात पडून होतं. मी कपाळाला हात लावला.

पहिलं मशीन पुढे ओढलं, सिस्टिम उठवली, ब्रेल पट्टी जोडली. फोल्डरमध्ये सिक्युअर बूट नावाची फाइल होती, नावामागे आकड्यांची आणि अक्षरांची ही लांब शेपटी. आत मजकूर नसतो, नुसते आकडे असतात. चालू असेल तर एक, बंद असेल तर शून्य, असं पुस्तकात म्हटलं होतं. मी फाइल उघडली आणि पट्टीवर बोट ठेवलं. सहा.

सहा? चालू एक, बंद शून्य, मग सहा म्हणजे काय, राखणदार डुलक्या घेतोय? दुसरं मशीन लावलं. सहा. तिसरं. सहा. माझं डोकंच फिरलं. मी तशीच उठून पुढच्या खोलीत गेले आणि ताईला सांगितलं की लायब्ररीची सगळीच्या सगळी मशीनं बिघडलेली आहेत, राखणदारांनी संप केलाय. ताई बिचारी लगेच ग्रंथपाल बाईंना फोन लावायला निघाली.

"मिरचीबाई," मागून भाऊजी म्हणाले, "सहाच्या पुढे काही आहे का?"

"असेल. मी मुद्द्याचं तेवढं वाचलं," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच माझी जीभ चावली गेली. भाऊजी इतके हसले की त्यांच्या हातातली स्क्रूंची वाटी सांडली.

मी परत येऊन पुस्तक नीट वाचलं. या फाइलीतले पहिले चार आकडे उत्तराचे नसतातच. या आठवणीला कुणी कधी हात लावायचा, त्याचा तो नियम. सहा म्हणजे सिस्टिम उठायच्या आधीही वाचा आणि उठल्यावरही वाचा. मग तीन शून्यं. आणि खरं उत्तर पाचव्या जागी. मी पट्टीवर बोट पुढे सरकवलं. सहा, शून्य, शून्य, शून्य, एक.

एक. चालू.

धावत जाऊन आधी ताईला फोन खाली ठेवायला लावला. मग परत येऊन मी पुन्हा त्या एकावर बोट ठेवून बसले. एवढुसं टिंब ते. पण फर्मवेअर मला पहिल्यांदाच काहीतरी सांगत होतं, मधे कुणी नाही, कुणाचं "आलं, केलं, झालं" नाही. मी एकटीच हसत होते. त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

मग काय, मला चेवच आला. एकेक मशीन घेत गेले, पाचव्या आकड्यावर बोट, एक, बाजूला ठेव, पुढचं. भाऊजीही त्यांच्या पद्धतीने तीच मशीनं बघत होते, निळ्या पडद्यावर, कारण ताईने त्यांनाही काम सोडू नका म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टेबलाच्या डाव्या बाजूला मशीनांची भिंत उभी राहिली. खिडकीजवळचं एक तेवढं उरलं.

त्यावर बोट ठेवलं. सहा, शून्य, शून्य, शून्य, शून्य.

मी पट्टी काढून पुन्हा जोडली. पुन्हा शून्य. शेजारी सेटअप मोड नावाची एक फाइल होती, ती उघडली. तिच्यात पाचव्या जागी एक होता. पुस्तक म्हणत होतं, याचा अर्थ या मशीनमध्ये मालकाची चावी, म्हणजे कुणाची सही खरी मानायची हे ठरवणारी खूण, अजून बसवलेलीच नाही. राखणदाराला खुर्ची दिलीय, पण ओळखायचं कुणाला हे कुणी सांगितलेलं नाही, म्हणून तो सगळ्यांनाच आत सोडतोय.

"खिडकीजवळचं बंद आहे," मी म्हटलं.

"छे. आत्ताच बघितलं मी," भाऊजी म्हणाले. "चालू लिहिलंय. ठसठशीत."

"बंद आहे."

"अगं, मला दिसतंय."

ताई आवाज ऐकून आत आली. तिने स्वतः मशीन बंद करून सुरू केलं आणि निळा पडदा बघितला. मी तिच्या श्वासावर कान ठेवून होते. "मिरची," ती हळूच म्हणाली, "चालूच लिहिलंय गं."

एकीकडे दोघांचे मिळून चार डोळे, दुसरीकडे माझं एक बोट, तेही काल सहावर अडकलेलं. ताईच्या आवाजात पुन्हा तो मऊपणा आला होता. तो मऊपणा मी ओळखते, त्याच्या मागोमाग निर्णय येतो. तिच्या नजरेत मी हरले होते, आणि ती मला हरल्याचं लागू नये म्हणून शब्द शोधत होती.

"थांब," मी म्हटलं. "माझं ऐकू नकोस, यांचंही ऐकू नकोस. मशीनला विचारू."

मी एक पेनड्राइव्ह घेतला आणि त्यावर एक चिमुकला प्रोग्राम ठेवला. सही बिही काही नाही, अगदी अनोळखी. त्याला काम एकच, आत घुसता आलं तर मशीनच्या पोटातल्या पीप करणाऱ्या स्पीकरवर धून वाजवायची. राखणदार जागा असेल तर प्रोग्राम आतच येणार नाही आणि आपल्याला काही ऐकू येणार नाही. धून कुठली घालावी? भाऊजी आंघोळ करताना रोज जी बेसूर शीळ घालतात, ती घातली. चुकलेल्या सुरासकट.

आधी डावीकडच्या भिंतीतलं एक मशीन घेतलं. पुढच्या खेपेला आधी पेनड्राइव्ह बघ, हा निरोपही त्याच फोल्डरमधून फर्मवेअरला देता येतो, त्यासाठी निळ्या पडद्याचं तोंड बघावं लागत नाही. मशीन बंद केलं, सुरू केलं. शांतता. पंखा तेवढा घुमला. दुसरं घेतलं, शांतता. तिसरंही गप्प.

"आता हे," मी म्हटलं आणि पेनड्राइव्ह खिडकीजवळच्या मशीनला लावला. ताईने माझ्या खुर्चीची पाठ धरली होती, ते मला लाकडातून कळत होतं.

मशीनने एक पीप केलं. मग दुसरं. आणि मग भाऊजींची आंघोळीची शीळ खोलीभर वाजायला लागली, पिपाणीच्या आवाजात, चुकलेल्या सुरासकट.

ताई हसायला लागली. ती हसली की वाकते आणि टेबलाचा आधार घेते, टेबलावरची सगळी मशीनं खुळखुळली. "अहो, हे तर तुम्हीच," ती म्हणाली, आणि पुढे तिला बोलताच येईना. भाऊजी आधी रागावले, मग तेही हसले, मग धून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली कारण ती थांबवायची सोय मी केलीच नव्हती. शेवटी मीच प्लग काढला.

"आता तो पडदा मला वाचून दाखवा," मी भाऊजींना म्हटलं. "सगळा. मुद्द्याचं नको."

त्यांनी खुर्ची ओढली आणि खरोखर सगळा वाचला. वरच्या ओळीपासून थेट तळाच्या "मदतीसाठी हे बटण दाबा" पर्यंत. मधे एके ठिकाणी अडखळले. वर ठसठशीत "चालू" होतं, आणि त्याच्याच खाली फिकट बारीक अक्षरांत "अंमलात नाही". वरचं होतं ते आपण काय मागितलंय ते, आणि खालचं प्रत्यक्षात काय आहे ते. ताईनेही वरचंच वाचलं होतं.

"याचं मदरबोर्ड मी बदललं होतं," भाऊजी आठवत म्हणाले. "कारखान्यातून आलेल्या चाव्या पुसल्या, आपल्या बसवायच्या म्हणून. तेवढ्यात पुढे फोन वाजला. ही बाहेर गेली होती, मी उचलायला गेलो आणि परत येऊन दुसरंच मशीन घेतलं." मग ते माझ्याकडे वळले, खुर्ची करकरली. "चूक माझी, मिरची. हे असंच गेलं असतं तर उद्या तोंडघशी पडलो असतो."

भाऊजी चूक कबूल करताना लाजत नाहीत, म्हणून तर मी त्यांच्याशी भांडू शकते.

"मग बसवते आता चाव्या," मी म्हटलं.

"तू?" ताई म्हणाली. "पडद्यावरून?"

"फाइलीतून. वाचता येतं तिथे लिहिताही येतं."

इथे मात्र ताईचं हसू पळालं, आणि खरं सांगायचं तर माझंही. त्या फोल्डरमधल्या फाइलींना सिस्टिमने मुद्दाम कुलूप घालून ठेवलेलं असतं. त्यातलं काही चुकून पुसलं गेलं तर काही बोर्डं पुन्हा उठतच नाहीत. ज्या फाइलीत लिहायचं तिचं तेवढं कुलूप काढायचं, बाकीच्यांना धक्का लावायचा नाही. आणि क्रम पाळायचा. आधी ओळखीच्या सह्या, मग त्या सह्या बदलायचा अधिकार कुणाला, आणि सगळ्यात शेवटी मालकाची चावी, कारण मालकाची चावी बसली की दार लागतं आणि मग मागचं काही आपल्या मनासारखं आत नेता येत नाही. लायब्ररीसाठी बनवलेल्या चाव्या आमच्याकडे होत्याच.

"बोर्ड गेलं तर?" ताई म्हणाली.

"तर मी फोनवर. गप्प बस आता, मला बोटांनी ऐकू दे."

एकेक ओळ लिहिली की एंटर दाबायच्या आधी मी ती पट्टीवर पहिल्या टिंबापासून शेवटच्यापर्यंत वाचत होते. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरीच्या वेळी माझा घाम कीबोर्डवर पडला. गेली. मी मशीन बंद करून सुरू केलं, आणि ते उठेपर्यंत आम्ही तिघंही पंख्याचा आवाज ऐकत होतो. मग सिस्टिमचा तो ओळखीचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

फाइल उघडली. सहा, शून्य, शून्य, शून्य. मी जरा थांबले. मग बोट सरकवलं. एक.

पेनड्राइव्ह लावून पुन्हा सुरू केलं. भाऊजींची शीळ वाजली नाही.

मला वाटलं, आता तरी ताई काही म्हणेल, निदान "बरं" तरी. तेवढ्यात पुढच्या खोलीत फोन वाजला आणि ती पाय ओढत गेली. दार उघडंच होतं.

"हो, बोला बाई," तिचा आवाज आला. "तयार आहेत. संध्याकाळी येतात. एक उघडं निघालं होतं, आमचीच चूक, बोर्ड बदलताना राहून गेलं. नाही, पडद्यावर कळलं नाही हो, आम्ही दोघांनीही बघितलं होतं. माझ्या बहिणीने पकडलं." मग ती थांबली, पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "हो, तीच. नाही, कुणी वाचून नाही दाखवलं. तिनेच वाचलं आणि आम्हाला सांगितलं."

तिने वहीचं पान उलटल्याचं ऐकू आलं.

"मशीनं लावायला तीच येईल, काय विचारायचं ते तिलाच विचारा. दवाखान्याचंही तीच बघणार आहे. मी? मी फोनवर असते."

मला रडू आलं. भाऊजींनी काल सांडलेले स्क्रू गोळा करायला म्हणून टेबलाखाली डोकं घातलं आणि तिथून बराच वेळ वर आले नाहीत. मी बाहीने तोंड पुसलं, ब्रेल पट्टी पुसली, आणि दवाखान्याचं पहिलं मशीन पुढे ओढलं.